कड्यामागचा लाल बोया

प्रिय धाकट्या,

'प्रिय' लिहिलं आणि बराच वेळ पेन नुसतं धरून बसले. दुसरा शब्द सुचला होता, पण तो आईच्या कानावर गेला तर ती मलाच दोन ठेवून देईल, म्हणून हाच राहू दे. तू मावशीकडे आहेस हे मला पहिल्यापासून माहीत आहे. मावशीला खोटं बोलता येत नाही. "तो इथे नाहीये" एवढं सांगताना तिने इतक्यांदा "अगंबाई" म्हटलं की आईलासुद्धा कळलं. फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. मामा मोटारसायकल घेऊन खाली थांबलाय. माझं लिहून झालं की तो थेट तुझ्याकडे येईल आणि तू शेवटपर्यंत वाचल्याशिवाय समोरून हलणार नाही, असं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसलेय. आत त्यांचं काम चाललंय, मला बाहेर थांबायला सांगितलंय. मांडीवर प्रयोगशाळेची फाइल आणि तिच्यावर कागद, त्यामुळे अक्षर वाकडंतिकडं येतंय. रागानेही येत असेल.

उद्या चौकशी आहे. बंदराचे अधिकारी, पोलीस, आमचे साहेब, सगळे असणार. बाबा पाण्याखाली असताना नक्की काय झालं ते त्यांना ठरवायचंय. गावाने आधीच ठरवून टाकलंय की हवाकाकांनी बाबांच्या पाठीवरच्या सिलिंडरमध्ये खराब हवा भरली. तेच उद्या कागदावर आलं तर हवाकाका तुरुंगात जातील. जबडा तारेने बांधलेला माणूस स्वतःची बाजू मांडणार तरी कशी? त्या दिवशी होडीत मी होते, म्हणून मलाही बोलावलंय. मी काय बोलणार आहे ते तुला माझ्याच तोंडून आधी कळायला हवं, म्हणून नीट बसून वाच.

हवाकाका कोण हे तुला सांगायची गरज नव्हती, पण तुला विसर पडलाय असं दिसतं. बाबांच्या सिलिंडरमध्ये हवा भरणारा माणूस म्हणून तूच त्यांना ते नाव दिलंस. तुझ्या सायकलची चाकं, तुझा फुटबॉल, माझ्या वाढदिवसाचे फुगे, सगळं त्यांच्या पंपावर भरलं जायचं आणि फुगा फुटला की तू भोकाड पसरायचास. तुला पोहायला त्यांनी शिकवलं, कारण बाबा शिकवताना ओरडायचे आणि तू घाबरून पाण्यात शिरतच नव्हतास. त्यांच्या गळ्याला मिठी मारून तू पहिल्यांदा खोल पाण्यात गेलास. त्याच गळ्याला धरून तू त्यांना दवाखान्याच्या फाटकाबाहेर फरफटत नेलंस. त्यांच्याच खांद्यावरच्या पिशवीतला पाना काढलास. पहिला फटका हनुवटीवर बसला तेव्हा वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला, तो मला अजून ऐकू येतो. ते खाली पडले, तू त्यांच्या छातीवर बसलास आणि मारत सुटलास. "माझ्या बापाला मारलंस, माझ्या बापाला!" असं ओरडत होतास. त्यांनी हातसुद्धा वर केला नाही. मी, पहारेकरी आणि एक अनोळखी टॅक्सीवाला, आम्ही तिघांनी मिळून तुला ओढून काढलं, तर जाता जाता तू त्यांच्या बरगडीत लाथ घातलीस. फरशीवर दोन दात पडले होते. ते मी रुमालात उचलून घेतले, कशासाठी कोण जाणे. आणि खरं सांगू? तुला ओढत असतानाच माझ्या मनात आलं होतं, पोरगा बापावर किती जीव टाकतो! हे लिहिताना तळपायाची आग मस्तकात जातेय.

त्याच संध्याकाळी तुझ्या दोन दोस्तांनी त्यांचं दुकान पेटवलं. रबराच्या नळ्या जळाल्या, गल्लीभर काळा धूर झाला, आतला एक सिलिंडर फुटला आणि समोरच्या शिंप्याच्या दुकानाच्या काचा त्याच्या अंगावर आल्या. त्याच्या मनगटाची शीर कापली गेली. कातर धरायचा हात आता गळ्यात बांधलाय. दुसऱ्या दिवशी काकू प्रयोगशाळेच्या फाटकाशी आली आणि तिने सगळ्यांच्या देखत माझे केस धरले. भिंतीवर माझं डोकं आपटलं. मी तिला अडवलं नाही. ती म्हणाली, "तुझ्या भावाला बुडू दिलं असतं तर बरं झालं असतं." मग माझ्या कपाळातून रक्त आलेलं पाहून स्वतःच पदराने पुसायला लागली आणि तिथेच बसून रडली. तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. मी तिला म्हणाले, काकू, हवा खराब होती का नव्हती ते शोधून काढू. तिने मला जोरात ढकललं आणि निघून गेली.

आता माझ्या शिंपल्यांबद्दल. उठून जाऊ नकोस. मी या कामाला लागले तेव्हा तू घरभर सांगत फिरलास की ताई शिंपल्यांच्या चुगल्या ऐकते. चुगल्याच असतात त्या. पाणी बाटलीत भरून तपासलं तर त्या क्षणी त्यात काय आहे तेवढंच कळतं. कारखान्याने काल काय सोडलं ते केव्हाच वाहून गेलेलं असतं. शिंपला मात्र एका जागी बसून दिवसरात्र तेच पाणी अंगातून गाळतो. त्याच्या जनुकांमध्ये नाना कामांच्या सूचना असतात, पण सगळ्या एकदम वापरल्या जात नाहीत. तांबं, शिसं अंगात शिरलं की त्यांना आवरणारी जनुकं कामाला लागतात, तेल आलं की दुसरी, उन्हाचा चटका बसला की तिसरी. कल्ल्याचा तुकडा कापायचा, कुठली जनुकं किती जोरात चालू आहेत ते मोजायचं, की त्या जिवाने काय सोसलं ते समजतं. माझं काम तसं कत्तलीचंच आहे. होडीतच सुरी घालून जिवंत शिंपला उघडायचा, कल्ला कापायचा, वाफा निघणाऱ्या द्रवात टाकून दगडासारखा गोठवायचा. झटपट, कारण उशीर केला तर तो त्या सुरीचीच चुगली करायला लागतो.

आमचे पिंजरे तीन. एक गोदीत, एक रंगाच्या कारखान्याच्या नाल्याच्या तोंडाशी आणि तिसरा कड्यामागे, जिथे पाणी स्वच्छ आहे. तिसरा तुलनेसाठी. घाणेरड्या पाण्यातला शिंपला किती त्रासलाय हे सांगायला एक सुखी शिंपला लागतो. पिंजरे लावायचे आणि काढायचे बाबांनी. पाणबुड्याच्या कामातून निवृत्त झाल्यावर घरात बसून त्यांनी आईचं डोकं खाल्लं असतं, म्हणून मीच त्यांना या कामाला जुंपलं. तर झालं असं की आमचा सुखी शिंपला सुखी निघेना. धातूंची जनुकं शांत, तेलाची शांत, उन्हाची शांत, पण जखम भरून काढणारी आणि कवच सांधणारी सगळी जोरात. पुन्हा काढले, पुन्हा तेच. आमच्या साहेबांनी, तू ज्यांना थर्मामीटर म्हणतोस त्यांनी, सगळ्यांसमोर मला झापलं. म्हणाले, तुझा हात जड आहे, पिंजरा होडीत आपटतेस आणि दोष समुद्राला देतेस. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवशी घरी जेवताना मी ताटावर बसूनच साहेबांचा उद्धार केला. म्हटलं, विष नाही, काही नाही, तरी कड्यामागचे शिंपले असे वागतात जणू कुणी त्यांना रोज मार देतंय. बाबा हसले आणि म्हणाले, "मग बघ, कुणीतरी बदडत असेल." आई म्हणाली, जेवताना मारामाऱ्या नकोत. तू अर्ध्या ताटावरून उठलास आणि हात धुतलेस. पोट बिघडलंय म्हणालास. मी तुला ओव्याचं पाणीसुद्धा करून दिलं रे.

आणखी एक गोष्ट त्याच सुमारास झाली. पिंजऱ्यांवर आमचे पिवळे बोये असतात. कड्यामागचा पिवळा बोया दोनदा नाहीसा झाला. नवा मागवायला कचेरीत अर्ज, मग सही, मग आणखी सही. बाबांना इतका धीर कुठला! त्यांनी माळ्यावरून स्वतःचा जुना लाल बोया काढला आणि पिंजऱ्याला बांधला. पाणबुड्या खाली असला की त्याच्या डोक्यावर लाल बोया तरंगत असतो, तो पाहून होड्यांनी लांबून जायचं, हे आपल्या घरात बोलायला लागल्यापासून कळतं. तू विचारलंसही, पिंजऱ्याला लाल कशाला? बाबा म्हणाले, "तिकडे कोण येतंय? लाल दिसला की समजायचं पिंजरा आहे." हे वाक्य मी इतक्यांदा आठवलंय की आता त्याचा काही अर्थच लागत नाही.

तो दिवस आमच्या कामाचा नव्हता. साहेबांचं तोंड बंद करायचं म्हणून मी ठरवलं, की न सांगता जायचं, पिंजरा बाबांनी पाण्यातच हलक्या हाताने सोडवायचा आणि होडीच्या कडेला आल्या आल्या शिंपले उघडायचे. सकाळी होडीवाला, बाबा आणि मी निघालो. कड्याच्या पलीकडे लाटा होत्या, म्हणून होडी अलीकडे खडकाच्या आडोशाला लावली. बाबा तिथून पाण्यात उतरले आणि खडकाला वळसा घालून पिंजऱ्याकडे गेले, मागे त्यांचा लाल बोया. जाताना नेहमीसारखा बोटांचा गोल करून दाखवला, सगळं ठीक. मी सुऱ्या मांडत होते. मग होडीच्या तळाला कुणी खालून लाथ घालावी तसा दणका बसला. पाठोपाठ कड्यावरून दबका आवाज आला. मला वाटलं, तू कामाला जातोस त्या खाणीतला सुरुंग. रोजचाच. होडीवाला म्हणाला, "आज खाणवाले लवकर लागलेत कामाला." बराच वेळ बाबा परतले नाहीत म्हणून आम्ही खडकाला वळसा घातला, तेव्हा ते पाण्यावर उताणे तरंगत होते. नाकातून, कानांतून, तोंडातून रक्त येत होतं आणि त्यांच्या भोवतीचं पाणी तांबडं झालं होतं. श्वास घेताना छातीतून बुडबुडे फुटत होते. दोन लाल बोये शेजारी शेजारी डुलत होते. आणि पाण्यावर जागोजागी पांढऱ्या पोटाचे मासे वर आले होते. ते मी पाहिले, पण त्या वेळी मला दिसले नाहीत.

डॉक्टर म्हणाले, पाणबुड्या घाबरून झपकन वर आला की फुप्फुसं अशी फाटतात. मग बाबा शुद्धीवर आले. दोन्ही कानांचे पडदे गेले होते, त्यामुळे ते किती मोठ्याने बोलतायत ते त्यांना कळत नव्हतं. ते सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं ओरडून म्हणाले, "मी घाबरलो. माझी चूक. घाबरून वर आलो." धाकट्या, आपले बाबा! बुडालेल्या जहाजाच्या पोटात शिरून, अंधारात चाचपडत खलाशांची प्रेतं काढलेला माणूस. एकदा पाय साखळीत अडकला तर हवा संपत आली असतानाही शांतपणे साखळी कापत बसलेला माणूस. तो परक्या लोकांपुढे ओरडून सांगतोय की मी घाबरलो. लोकांनी काय अर्थ काढला माहितेय? म्हणाले, खराब हवेने गुदमरूनच वर आला असणार, पण म्हातारा दिलदार आहे, मित्राला वाचवतोय. म्हणजे त्यांनी स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेतलं तरी खापर हवाकाकांच्याच डोक्यावर फुटलं, कारण तोवर तू फाटकाबाहेर तुझं काम करून ठेवलं होतंस.

चार-सहा दिवसांनी माझ्या सहकाऱ्याने कड्यामागचा पिंजरा काढून आणला. वरच्या थरातल्या शिंपल्यांची कवचं तडकली होती. उरलेल्यांचे कल्ले मी तपासले. पुन्हा तीच जनुकं, या वेळी आधीच्या कितीतरी पट. थर्मामीटर साहेबांनी आलेख पाहिला आणि म्हणाले, "हा हात जड असल्याचा प्रकार नाही." मग मी लोखंडी टाकीत समुद्राचं पाणी भरलं, धडधाकट शिंपल्यांचा पिंजरा आत टांगला, कारागिराकडून घण मागून आणला आणि टाकीच्या अंगावर घालायला सुरुवात केली. दंड सुजले तरी थांबले नाही. एकेक घाव घालताना मी शिव्या देत होते, कुणाला ते मला ठाऊक नव्हतं. साहेब दारातून डोकावून परत गेले. त्या शिंपल्यांचे कल्ले तपासले, तर आकडे कमी होते, पण जनुकं तीच. विष नव्हतंच तिथे कधी. मार होता. पाण्यात कुणीतरी स्फोट करत होतं, आणि आजचा नव्हे, कित्येक महिन्यांचा हा उद्योग. आमच्या पिंजऱ्याभोवती मासे जमतात. कुणाला तरी ते आयते सापडले होते. त्या माणसाला सुरुंगाच्या कांड्या हाताळता येत होत्या, खाणीत सुरुंग कधी उडतात हे माहीत होतं, आणि त्या आवाजात आपला आवाज कसा लपवायचा हेही.

तरीसुद्धा मी तुझ्यापर्यंत पोचले नव्हते बघ. बहीण किती मूर्ख असते! घरी आले तर आई कोपऱ्यात बसून बोलत होती. म्हणाली, पोरगा आणायचा ते मासे कसले गं, एकही धड नसायचा. कापायला घ्यावा तर पोटात रक्ताची गुठळी, पाठीचा काटा जागोजागी मोडलेला, मास पिठासारखं सुटायचं. तो म्हणायचा, टोपली पडली हातातून. किती टोपल्या पाडतो एखादा माणूस? हे ती सहज बोलली, तुझी आठवण काढून. मी न्हाणीघरात गेले आणि आईला रडणं ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडला.

मग एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. रुग्णवाहिका दवाखान्यात पोचली तेव्हा तू दारात उभा होतास. मी तोपर्यंत कुणालाच फोन केला नव्हता. हवाकाका धक्क्यावर होते म्हणून ते माझ्याबरोबर बसून आले. तुला कुणी सांगितलं, म्हणून मी विचारलं तर तू म्हणालास, आईने. आईला मी त्यानंतर कळवलं. तुझे कपडे चिंब होते आणि पायात चप्पल नव्हती. आणि बाबांच्या कमरेला शिशाचा पट्टा नव्हता. तो पट्टा कमरेला असता तर एवढ्या मारानंतर ते दगडासारखे तळाशी गेले असते. बेशुद्ध माणूस स्वतःचा पट्टा सोडत नाही. तुझं गणित मी मांडू का? तू लाल बोया पाहिलास, शेजारी दुसरा लाल पाहिलास, म्हणालास ताईने दोन पिंजरे लावलेले दिसतात, आणि वात पेटवून कांडी पाण्यात टाकलीस. मग वर येणाऱ्या माशांमध्ये तुला बाबांच्या चष्म्याची काच दिसली, की हात दिसला, मला माहीत नाही. तू उडी मारलीस. खाली जाऊन त्यांना धरलंस, पट्टा सोडलास, वर आणून उताणं केलंस, तोंड पाण्याबाहेर ठेवलंस. आमच्या होडीचा आवाज ऐकलास आणि पळालास.

उडी मारल्याबद्दल मी तुझे पाय धरीन. पळाल्याबद्दलही कदाचित एखाद्या दिवशी तुला समजून घेईन, भीतीने माणसाचं पाणी पाणी होतं. पण त्या ओल्या कपड्यांत, बाबांचं रक्त अंगावर असताना, हवाकाकांना मारलंस त्याचं काय करू? तुला माहीत होतं ना? एकेक फटका मारताना तुला माहीत होतं. तू समोर असतास तर तोच पाना मी तुझ्या गुडघ्यांवर चालवला असता, आणि मग तुला पाठीवर घेऊन डॉक्टरकडे पळाले असते. दोन्ही मी केलं असतं, शपथेवर सांगते.

हे सगळं घेऊन मी बाबांकडे गेले. त्यांच्याशी आता हातवाऱ्यांनीच बोलावं लागायचं. लहानपणी त्यांनी आपल्याला शिकवलेल्या पाण्याखालच्या खुणा उपयोगी पडल्या. मी कड्यामागचा एक तडकलेला शिंपला त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी अंगठ्याने ती भेग चाचपली. मग भिंतीकडे तोंड फिरवलं आणि म्हणाले, "खालून सगळ्या होड्या सारख्याच दिसतात." मी होडीचा विषयही काढला नव्हता. आणि धाकट्या, आयुष्यभर हा माणूस आपल्यापुढे काय मिरवत आला? की खालून कुठलीही होडी दाखवा, कुणाची ते सांगतो. तुझ्या होडीच्या तळाला निळं ठिगळ त्यांनी स्वतःच्या हाताने मारलंय. त्यांनी पाहिलं होतं. वरून पडणारी कांडी पाहिली आणि त्याच्याही वर ते निळं ठिगळ. मी त्यांच्या छातीवर डोकं ठेवून रडले तेव्हा त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. ती खूण पाण्याखालची नव्हे, घरातली होती. आईला न सांगता आपल्याला बर्फाचा गोळा आणून द्यायचे तेव्हाची. मी कबूल केलं. त्यांच्यासाठी मूग गिळून गप्प बसले. खालच्या वॉर्डात हवाकाका नळीने पेज पीत पडलेत आणि वरच्या वॉर्डात मी तोंड शिवून बसलेय, अशी माझी गेल्या आठवड्याची स्थिती होती. बाबा बरे होतील, मग तेच काहीतरी मार्ग काढतील, एवढीच आशा धरून होते.

आज सकाळी त्यांना धाप लागली. नर्स धावत आली, तर त्यांनी तिला अंगठा वर करून दाखवला. ती हसून म्हणाली, "बघा, बरं वाटतंय म्हणतायत." मला ती खूण माहीत होती. तुलाही माहीत आहे. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे, माझं इथलं झालं, मी वर निघालो. मी त्यांचा तोच अंगठा मुठीत धरला आणि त्यांनी तो शेवटपर्यंत सोडवून घेतला नाही. बाबा गेले रे. आत त्यांना पुसून तयार करतायत, आई पायाशी बसलीय आणि एकच वाक्य बोलतेय, त्याला बोलव. म्हणून हे पत्र. आता ते नाहीत, तेव्हा त्यांना दिलेला शब्दही मी पाळणार नाही. 'घाबरला आणि मेला' असं माझ्या बापाच्या नावापुढे मी कुणाला लिहू देणार नाही आणि हवाकाकांना तुरुंगात जाऊ देणार नाही. मांडीवरची फाइल उद्या माझ्याबरोबर येईल आणि मी सगळं सांगेन, तुझ्या उडीसकट. तू पळून जाऊ शकतोस, मामा तुला बांधून आणणार नाही. पण आधी हे ऐक. मघाशी हवाकाका भिंत धरत धरत वर आले. बोलता येत नाही, त्यांनी बाबांच्या कपाळाला हात लावला आणि उजव्या खांद्याच्या बाजूला जाऊन उभे राहिले. मोडलेल्या बरगड्यांनिशी ते तिरडी उचलणार आहेत, कुणाचं ऐकत नाहीत. डावी बाजू रिकामी आहे, तिथे आई कुणाला उभं राहू देत नाही. पाण्यातून त्यांना तू एकदा वर आणलंस. आज आणखी एकदा उचलायला ये.

तुझीच,
ताई